बाबाने दाढी काढली आणि घरात अनोळखी माणूस आला

निळीशाई

गेल्या रविवारी नवऱ्याने अकरा वर्षांची दाढी सफाचट केली. मला माहीत होतं, मुलांना नव्हतं. पुढे दिवसभरात जे घडलं ते वयाच्या चढत्या क्रमाने लिहिते, कारण गंमत त्या क्रमातच आहे.

धाकटा, आठ महिन्यांचा: न्हाणीघरातून बाहेर आलेल्या माणसाकडे पाहिलं, ओठ काढला, माझ्या खांद्यात तोंड खुपसलं आणि भोकाड.

लेक, साडेतीन वर्षांची: रडली नाही, पण दाराआडून निरखत उभी राहिली. "अगं, मीच आहे," असं तो म्हणाला तेव्हा गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला. आवाज बाबाचा आणि तोंड भलत्याचंच! दिवसभरात चार-पाचदा जवळ जाऊन तिने विचारलं, "तू आमचाच बाबा आहेस ना?"

सुट्टीला आलेला भाचा, नऊ वर्षांचा: "मामा, तू बारीक झालास का?"

आणि सासूबाई. व्हिडिओ कॉलवर वीस मिनिटं लेकाशी बोलल्या, त्यांच्या काही लक्षातच आलं नाही. शेवटी न राहवून मीच सांगितलं. "हो का? तरीच आज ताजातवाना दिसतोय."

मग दोन रात्री मी वाचत बसले. १९७५ साली गोरेन आणि सहकाऱ्यांनी जन्मून सरासरी ९ मिनिटं झालेल्या बाळांसमोर चेहऱ्याचं साधं चित्र हळूहळू सरकवलं होतं. डोळे-नाक-तोंड जागच्या जागी असलेल्या चित्रामागे बाळं मान आणि नजर जास्त वळवत. तेच अवयव विस्कटून काढले की तितकी वळवत नसत. म्हणजे 'वर दोन ठिपके, खाली एक' या मांडणीची ओढ आपण जन्माला येतानाच घेऊन येतो. त्या वयात नीट दिसतं ते २० ते ३० सेंटीमीटरपर्यंतच, जेमतेम वीतभर. पाजताना आईचं तोंड असतं तेवढ्यावर.

चार दिवसांचं बाळ आईचा चेहरा परक्या बाईच्या चेहऱ्यापेक्षा जास्त वेळ बघतं, हेही वाचलं. पण पास्कालिस आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये एक खोडी काढली. आई आणि परकी बाई, दोघींच्या डोक्याला रुमाल बांधून केस आणि कपाळाची कड झाकली. बाळाची पसंती गायब! म्हणजे बाळ ओळखत होतं ते चेहऱ्याभोवतीच्या महिरपीवरून.

माझा प्रश्न असा की ही महिरप सुटून आतला चेहरा कधी दिसायला लागतो? साडेतीन वर्षांची मुलगी अजून महिरपीतच आहे का? तुमच्या घरचे अनुभव लिहा, वाचलेलं असेल तर तेही लिहा.

खुसपट

दाढीआधीचा आणि नंतरचा फोटो टाका, मग आम्ही ठरवू कोण बरोबर ते. माझं मत आत्ताच धाकट्याच्या बाजूने. (हलके घ्या.)

अभ्यासू_घुबड

धागा आवडला. 'महिरप' शब्द पकडून पुढे जातो.

१९७७ साली सुझन केरी आणि रिआ डायमंड यांनी सहा, आठ आणि दहा वर्षांच्या मुलांवर प्रयोग केले. मुलाला एक अनोळखी चेहरा दाखवायचा, मग दोन फोटो पुढे ठेवून 'आत्ता पाहिलेला कुठला?' असं विचारायचं. मेख अशी की चुकीच्या फोटोतल्या माणसाच्या डोक्यावर मघाचीच टोपी. लहान मुलं टोपीला भुलत. दहाच्या आसपासची बरीचशी भुलत नसत. तुमचा भाचा नऊचा आहे, काहीतरी बदललंय हे त्याला कळलं, काय ते सांगता आलं नाही. अगदी उंबरठ्यावरचं वय.

दुसरी गोष्ट उलट्या चेहऱ्यांची. रॉबर्ट यिन यांनी १९६९ मध्ये दाखवलं की फोटो उलटा धरला की घरं, विमानं ओळखणंही जड जातं, पण चेहरे ओळखणं त्याहून कितीतरी जास्त बिघडतं. याचा अर्थ बहुतेक जण असा लावतात: आपण चेहरा अक्षर-अक्षर लावून वाचत नाही, ओळखीच्या शब्दासारखा एका नजरेत वाचतो. उलटा केला की पुन्हा अक्षरं जुळवत बसायची पाळी येते.

घरी करून बघण्यासारखं: मोबाईलवर स्वतःच्या फोटोतले फक्त डोळे आणि तोंड कापून उलटे चिकटवा आणि मग अख्खा फोटो उलटा धरा. विशेष काही खटकत नाही. सुलटा करा आणि बघा, दचकाल. पीटर थॉम्पसन यांनी १९८० मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या फोटोवर हे केलं, म्हणून त्याला थॅचर भ्रम म्हणतात.

खुसपट

केलं. बायकोचा फोटो घेऊन केलं. आता तिला कुणीतरी समजवा.

तिरकीरेघ

घुबडराव, १९७७ वर थांबू नका. त्यानंतर बरंच पाणी वाहून गेलंय.

'एका नजरेत वाचणं' मोजायची चांगली पद्धत १९८७ साली यंग, हेलावेल आणि हे यांनी काढली. एका माणसाचा चेहऱ्याचा वरचा अर्धा भाग आणि दुसऱ्याचा खालचा अर्धा भाग जोडायचा आणि विचारायचं, वरचा भाग कुणाचा? ओळखीचा माणूस असला तरी आपण अडखळतो, कारण दोन्ही अर्धे मिळून एक तिसराच माणूस तयार होतो आणि डोळा त्याला तोडायला तयार नसतो. खालचा भाग जरा बाजूला सरकवा, लगेच ओळख पटते. आता मुद्द्याचं. हा परिणाम चार वर्षांच्या मुलांतही स्वच्छ दिसतो. त्यामुळे 'दहाव्या वर्षापर्यंत मुलं चेहरा तुकड्या-तुकड्यांनी बघतात' हे आता सरसकट कुणी म्हणत नाही. वयाबरोबर वाढते ती बऱ्याच अंशी स्मरणशक्ती, लक्ष, आणि परीक्षा देण्याचा सराव, असं मानणारा मोठा गट आहे. मी त्या गटात.

तेव्हा निळीशाई, तुमच्या लेकीला चेहरा वाचता येतो, पण बाबाची एकच आवृत्ती तिने वाचली होती. दाढीवाली.

यावर एक सुंदर प्रयोग आहे. २०११ मध्ये जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी लोकांना ४० फोटोंचा गठ्ठा दिला आणि सांगितलं, एका माणसाचे फोटो एका ढिगात, असे ढीग करा. फोटो दोनच बायकांचे होते, प्रत्येकीचे वीस. दोघी नेदरलँड्समध्ये प्रसिद्ध. त्यांना न ओळखणाऱ्या ब्रिटिश लोकांनी साधारण सात-आठ ढीग केले, काहींनी तर दहाच्या वर. बरोब्बर दोन ढीग एकालाही जमले नाहीत. डच लोकांना मात्र तेच काम पोरखेळ वाटलं. त्यांचे डोळे काही वेगळे नव्हते. या दोन बाया हसताना, थकलेल्या असताना, केस बांधून, केस सोडून कशा दिसतात हे त्यांच्या डोक्यात आधीच भरलेलं होतं.

सासूबाईंचंही तेच. त्यांनी लेकाच्या तोंडाच्या सगळ्या आवृत्त्या पाहिल्यात. मिसरूड फुटायच्या आधीपासूनच्या. दाढी हा त्यांच्या लेखी अलीकडचा किरकोळ बदल.

अभ्यासू_घुबड

निम्मं मान्य. पण डोळ्यांमधलं अंतर, नाक आणि ओठ यांच्यामधली जागा असे बारीक फरक हेरण्यात दहा वर्षांची मुलंही मोठ्यांच्या मागे असतात, हे मॉन्डलॉक, ल ग्रान आणि मॉरर यांनी २००२ मध्ये दाखवलंय. सगळंच चौथ्या वर्षी तयार झालं, असं नाही.

तिरकीरेघ

तो फरक खरा आहे. तो चेहऱ्यांपुरताच आहे की एकूण नजरेच्या बारकाव्याचा, यावर भांडण चालू आहे. आपण इथे मिटवायला नको.

निळीशाई

'एकच आवृत्ती' हे एकदम पटलं! लेक जन्मली तेव्हा दाढी होतीच, तिच्या दृष्टीने दाढी म्हणजे बाबाच्या तोंडाचाच भाग. नाक काढून ठेवल्यासारखंच झालं ते.

काजवा

इथे सहसा वाचनमात्र असते. हा धागा वाचून लिहावंसं वाटलं.

तुमच्या लेकीला त्या रविवारी जे वाटलं ते मला रोज वाटतं. मला चेहरे ओळखू येत नाहीत. डोळे उत्तम आहेत. समोर बसलेल्या माणसाचं नाक, डोळे, हसताना पडणारी खळी, सगळं दिसतं. माणूस उठून गेला की ते सगळं विरघळतं. पुन्हा समोर आला की कोरी पाटी.

पस्तिशीपर्यंत मला वाटत होतं की सगळ्यांचं असंच असतं, फक्त बाकीचे लोक जास्त मेहनत घेतात. शाळेत मी मुलींना वेण्यांवरून, दप्तरावरून, चालण्यावरून ओळखायचे. कुणी केस कापून आलं की ती मैत्रीण माझ्यापुरती दोन-तीन दिवस हरवायची. बोलली की सापडायची. आवाज मला पक्के लक्षात राहतात. 'शिष्ट आहे, ओळख दाखवत नाही' हे इतक्यांदा ऐकलंय की मी उलटा उपाय केला. आता समोर येणाऱ्या प्रत्येकाकडे बघून अर्धवट हसते. अनोळखी माणसं गोंधळतात, ओळखीची खूश होतात.

सगळ्यात वाईट प्रसंग लेकीच्या शाळेतला. संमेलनात सगळ्या मुली एकाच पोशाखात, एकसारखी केशरचना, एकसारखे रंगवलेले गाल. नाच संपला, सगळ्या धावत खाली आल्या आणि माझी मुलगी कुठली ते मला कळेना. मी हात पसरून उभी राहिले, म्हटलं, जी येऊन बिलगेल ती माझी. बिलगली. पण ते अर्ध मिनिट मी अजून विसरलेले नाही.

याला प्रोसोपॅग्नोसिया म्हणतात. हा शब्द योआखिम बोडामर या जर्मन डॉक्टरांनी १९४७ मध्ये घडवला, मेंदूला इजा झालेल्या रुग्णांवरून. माझ्यासारख्यांना मात्र कुठलीही इजा झालेली नसते, जन्मापासूनच असं. शंभरात साधारण दोन असा आकडा सहसा दिला जातो. ऑलिव्हर सॅक्स हे मेंदूविकारतज्ज्ञ आणि चिंपांझींवर आयुष्यभर काम केलेल्या जेन गुडाल, दोघांनीही स्वतःला हा त्रास असल्याचं सांगितलं होतं. हे कळलं त्या दिवशी मी एकटीच हसत बसले होते.

निळीशाई

काजवा, लिहिलंत हे फार बरं झालं. ते अर्ध मिनिट वाचताना माझ्याच पोटात गोळा आला. एक विचारू? नको वाटलं तर उत्तर देऊ नका. लेकीला माहीत आहे का हे?

काजवा

विचारा की. हो, ती सहा वर्षांची असताना सांगितलं. तिने एक मिनिट विचार केला आणि म्हणाली, "मग मी लांबूनच हाक मारत येत जाईन." तेव्हापासून तसंच करते. मोठ्यांना समजवायला याहून जास्त वेळ लागला.

पानगळ

काजवाताई, लहान मुलात हे ओळखायचं कसं? माझा पुतण्या पाच वर्षांचा आहे. बागेत रोजचे मित्र भेटले तरी आधी त्यांनी बोलावं लागतं, सिनेमात 'हा मघाचाच का?' असं सारखं विचारत असतो. आम्ही त्याला लाजाळू समजत होतो.

काजवा

एवढ्यावरून काही ठरवू नका, त्या वयात बरीच मुलं असं करतात. पण मी लहानपणी नेमकी अशीच होते, म्हणून सांगते. ओळखीची व्यक्ती वेगळ्या ठिकाणी किंवा वेगळ्या कपड्यांत दिसली तर तो चुकतो का, आणि आवाज ऐकताच झटकन ओळखतो का, हे बघा. गर्दीत गेल्यावर हात अजिबात सोडत नसेल तर तेही लक्षात घ्या. मी आईचा पदर सोडायची नाही. सगळे म्हणायचे आईवेडी आहे. तो पदर सुटला असता तर आई मला सापडलीच नसती, हे मला कुणाला सांगता येत नव्हतं. शंका वाटली तर बालमानसतज्ज्ञांना किंवा मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. औषध नाही यावर, पण कारण कळलं की मूल स्वतःला बावळट समजायचं थांबतं.

तिरकीरेघ

काजवा, तुमच्या प्रतिसादाला पुरवणी. अशा काही लोकांच्या त्वचेची विद्युतवाहकता मोजली (मन चाळवलं की घामामुळे ती बदलते), तर ओळखीचा चेहरा दिसताच ती बदलते, 'हा कोण माहीत नाही' असं तोंडाने सांगत असताना! १९८० च्या दशकातली निरीक्षणं, मेंदूला इजा झालेल्या रुग्णांवरची. याच्या बरोबर उलट प्रकार म्हणजे काप्ग्रा भ्रम. जोसेफ काप्ग्रा यांनी १९२३ मध्ये नोंदवलेला. तिथे चेहरा ओळखू येतो, आपलेपणाची ती आतली थरथर होत नाही, आणि रुग्ण म्हणतो, 'दिसते माझ्या बायकोसारखी, पण ही कुणीतरी बहुरूपी आहे.' हे दोन प्रकार एकमेकांच्या उलट आहेत, हा विचार एलिस आणि यंग यांनी १९९० मध्ये मांडला. निळीशाईंच्या लेकीचं 'तू आमचाच बाबा ना?' वाचून मला आधी हेच आठवलं. (घाबरू नका, तिचा गोंधळ निरोगी आहे.)

शिक्कामोर्तब

माझं काम परीक्षार्थींची ओळखपत्रं तपासण्याचं. फोटो बघ, तोंड बघ, सोड. बावीस वर्षं. आपल्याला चेहऱ्यांची जाण आहे असं मी छातीठोकपणे सांगत असे. मग एका प्रशिक्षणात आम्हाला ऑस्ट्रेलियातला २०१४ सालचा अभ्यास दाखवला. पासपोर्ट अधिकाऱ्यांसमोर जिवंत माणूस उभा आणि हातात फोटो. फोटो दुसऱ्याचाच असूनही सुमारे १४ टक्के वेळा त्यांनी 'हाच तो' म्हटलं. आणि नोकरीची वर्षं वाढली म्हणून चुका कमी झाल्या, असं दिसलं नाही. बावीस वर्षांचा माझा तोरा तिथेच उतरला.

त्याआधी १९९९ मध्ये व्हिकी ब्रूस आणि सहकाऱ्यांनी चांगल्या प्रतीच्या व्हिडिओतला चेहरा दहा फोटोंमधून शोधायला सांगितला होता. आठवायचं काहीच नव्हतं, सगळं समोर ठेवलेलं. तरी दहापैकी साधारण तीन वेळा लोक चुकले.

तिरकीरेघ यांनी वर सांगितलेलंच हे दुसऱ्या टोकाने. आपण चेहरे ओळखण्यात पटाईत नाही, आपली माणसं ओळखण्यात पटाईत आहोत. बायको बाजारात गर्दीत पाठमोरी दिसली तरी ओळखतो, त्यावरून वाटतं की कुणालाही ओळखू. परक्याच्या बाबतीत मी आणि निळीशाईंची साडेतीन वर्षांची लेक, आमच्यात तुम्हाला वाटतं तेवढं अंतर नाही. ती निदान पुन्हा विचारते. मी शिक्का मारतो.

आता मी काय करतो: केस, चष्मा, दाढी बघतच नाही. कान, भुवया आणि कुठे तीळ-व्रण असेल तर तो. भुवया दिसतात बिनमहत्त्वाच्या, पण २००३ च्या एका अभ्यासात ओळखीच्या प्रसिद्ध लोकांच्या फोटोतल्या भुवया पुसल्यावर त्यांना ओळखणं डोळे पुसल्यापेक्षाही अवघड गेलं होतं.

खुसपट

भुवया पुसून आरशात बघितलं (मोबाईलवर, खऱ्या नाही). थोरला भाऊ दिसला. तो अजून थोरलाच आहे.

खडू_फळा

प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या वर्गात एकसारख्या जुळ्या बहिणी होत्या. मला दिवाळीपर्यंत ओळखता आल्या नाहीत, मी बुटांवरून काम चालवायचे. वर्गातल्या मुलांना दुसऱ्या आठवड्यात यायला लागलं. 'बाई, ही ती नाही, ही दुसरी!' कसं ओळखता म्हटलं तर एकाने सांगितलं, 'ही तिच्यासारखी दिसतच नाही.' इतकं साधं. मी त्यांना फळ्याजवळून बघत होते, ती दिवसभर त्यांच्याशी खेळत होती.

दुसरं, नावांचं. वर्षाच्या सुरुवातीला चेहरे लक्षात राहतात, नावं राहत नाहीत. याची एक मजेशीर चाचणी १९८७ मधली आहे. एका गटाला सांगायचं, या माणसाचं आडनाव 'बेकर', दुसऱ्याला सांगायचं हा धंद्याने बेकर. शब्द एकच, पण धंदा जास्त लक्षात राहतो. आपल्याकडे 'सुतार' घेऊन करून बघा. सुतारकाम म्हटलं की रंधा, भुसा, लाकडाचा वास, सगळं चेहऱ्याला चिकटतं. आडनाव नुसतंच लोंबकळत राहतं.

पानगळ

वाचनखूण साठवली. पुतण्याबद्दल घरी बोलले, सगळे विचारात पडलेत.

एक वेगळाच अनुभव. परदेशी मालिका बघायला लागले तेव्हा पहिले चार भाग मला त्यातले दोन नायक एकच वाटत होते. तिसऱ्या भागात एक मेला आणि चौथ्यात 'पुन्हा आला'. दहाव्या भागापर्यंत मात्र इतके वेगळे दिसायला लागले की आधी घोळ कसा झाला तेच कळेना. हेही सवयीचंच ना?

अभ्यासू_घुबड

हो, आणि ही सवय पाळण्यात लागते. तीन महिन्यांची बाळं वेगवेगळ्या वंशांचे चेहरे वेगळे ओळखतात. नऊ महिन्यांपर्यंत ती कसब आजूबाजूला जसे चेहरे असतात तेवढ्यापुरती उरते. माकडांवरचा प्रयोग तर जास्तच मजेदार आहे. पास्कालिस, द हान आणि नेल्सन, २००२: सहा महिन्यांच्या बाळाला दोन माकडांच्या तोंडातला फरक कळतो. नऊ महिन्यांच्या बाळाला कळत नाही, आणि तुम्हा-आम्हालाही नाही.

म्हणजे निळीशाई, तुमचा धाकटा दोन महिन्यांपूर्वी माकडं ओळखण्यात घरातल्या सगळ्यांच्या पुढे होता.

हे दार अडवूनही ठेवता येतं. सहा ते नऊ महिने या काळात आईबापांनी माकडांच्या फोटोंचं पुस्तक नियमित दाखवलं, तर ती ओळख टिकली. २००९ मध्ये स्कॉट आणि मोनेसन यांनी त्यात एक बारकावा शोधला. प्रत्येक माकडाला वेगळं नाव घेऊन दाखवलं तरच टिकली. सगळ्यांना नुसतं 'माकड' म्हटलं, तर पुस्तक पाहूनही गेली. मला या विषयातला सर्वात आवडता निष्कर्ष हाच. नाव घेतलं की डोळा वेगळेपण शोधतो.

आणि मिटलेलं दार पुन्हा उघडतंही. कोरियात जन्मलेल्या, तीन ते नऊ वर्षांच्या असताना युरोपातल्या कुटुंबांत दत्तक गेलेल्या लोकांची मोठेपणी चाचणी घेतली (सांग्रिगोली आणि सहकारी, २००५). त्यांना युरोपीय चेहरे कोरियन चेहऱ्यांपेक्षा चांगले ओळखता येत होते. म्हणजे नऊ महिन्यांत जे ठरलं ते काळ्या दगडावरची रेघ नव्हे. तुमचे दहा भाग म्हणजे त्याचीच छोटी नक्कल.

बाहुली

डोळ्यांच्या विभागात परिचारिका आहे. एक गोष्ट या धाग्यावर आलीच पाहिजे.

काही बाळं दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन जन्मतात. कॅनडात ल ग्रान, मॉरर आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अशा मुलांचा अभ्यास केला, ज्यांचा मोतीबिंदू दोन ते सहा महिन्यांच्या वयात काढला होता. नंतर किमान नऊ वर्षं ती चांगलं बघत होती. तरी डोळ्यांमधल्या अंतरासारख्या फरकावरून दोन चेहरे वेगळे ओळखणं त्यांना इतरांसारखं जमलं नाही. डोळे किंवा तोंड यांचा आकारच वेगळा असेल तर जमत होतं. नुकसान झालं ते पहिल्या काही महिन्यांत, जेव्हा ते बाळ काही 'शिकतंय' असं कुणाला वाटतही नव्हतं. नंतर असंही दिसलं की फक्त डाव्या डोळ्यात मोतीबिंदू असलेल्यांना हा तोटा झाला, उजव्या डोळ्यावाल्यांना नाही. तान्हेपणी डाव्या डोळ्याची माहिती मुख्यतः मेंदूच्या उजव्या बाजूला जाते, आणि चेहऱ्यांच्या कामात तीच बाजू पुढे असते.

पण म्हणून उशिरा उपचार फुकट, असं मुळीच नाही. पवन सिन्हा यांच्या 'प्रकाश' प्रकल्पात भारतातल्या जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांवर मोठ्या वयात शस्त्रक्रिया झाल्या, आणि चेहरा कुठला आणि चेहरा नसलेलं चित्र कुठलं, हे ती मुलं हळूहळू वेगळं करायला शिकली.

तान्ह्या बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरट झाक दिसली, किंवा फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एका बाहुलीत लालऐवजी पांढरं चमकलं, तर 'मोठं झाल्यावर बघू' म्हणू नका. त्याच आठवड्यात दाखवा. कारणं वेगवेगळी असू शकतात, काही मोतीबिंदूपेक्षाही गंभीर.

निळीशाई

बाहुली, तुमचा प्रतिसाद आमच्या सगळ्या कौटुंबिक गटांवर पाठवते आहे. चालेल ना?

बाहुली

बेलाशक.

जुनाचष्मा

वय ७४. तुम्हा तरुणांना वाटत असेल हा सगळा लहान मुलांचा विषय.

नवीन माणसाचा चेहरा लक्षात ठेवण्याची ताकद तिशी ओलांडल्यावर शिखरावर असते, असं २०११ मधल्या एका मोठ्या अभ्यासात आलं होतं. नावं लक्षात ठेवण्याची विशीतच. बुद्धीच्या बऱ्याच गोष्टी विशीत माथ्यावर पोचतात आणि चेहरे मात्र तिशीनंतर, हे वाचून मला बरं वाटलं होतं. माझ्या बाबतीत आता दोन्ही उताराला लागलेत.

जुने चेहरे मात्र जात नाहीत. बारिक नावाच्या अभ्यासकांनी १९७५ मध्ये लोकांना त्यांच्या शाळेच्या वार्षिक पुस्तकातले फोटो दाखवले होते. शाळा सुटून ३५ वर्षं झालेल्यांनीही वर्गमित्रांचे सुमारे ९० टक्के चेहरे ओळखले. नावं सांगा म्हटलं की गाडी अडली. मागे आमच्या वर्गाचा मेळावा झाला, तेव्हा दारात एक टकला, जाडा, काठी घेतलेला माणूस उभा होता. त्याला मी पन्नास वर्षांनी बघत होतो. ओळखलं. बाकावर माझ्या शेजारी बसायचा, पेन्सिली खायचा. नाव दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना आठवलं.

नातवंडं मात्र भराभर बदलतात. सहा महिन्यांनी भेटली की थोरली कुठली आणि धाकटी कुठली, आधी उंचीवरून ठरवतो. काजवाताईंसारखंच, दोघी बोलेपर्यंत अर्धवट हसत राहायचं.

काजवा

काका, स्वागत आहे आमच्या टोळीत. :)

निळीशाई

ताजी खबर, दाढी गेल्याला आज बारावा दिवस.

धाकटा तिसऱ्याच दिवशी निवळला. नुसता निवळला नाही, बाबाची हनुवटी हे नवीन खेळणं झालंय. लेकीचं 'आमचाच बाबा ना?' सहा दिवस चाललं, मग बंद.

तिरकीरेघ यांचा 'आवृत्त्यां'चा मुद्दा डोक्यात होता, म्हणून काल तिला बाबाचे जुने फोटो दाखवले. दाढीआधीचे, कॉलेजातले, अगदी शाळेतलेसुद्धा. मागे हेच फोटो दाखवले होते तेव्हा कॉलेजातल्या बाबाकडे बोट दाखवून 'हा कोण दादा?' म्हणाली होती. काल एका मागून एक ओळखत गेली. बाबा. बाबा. हा पण बाबा. शाळेतल्या फोटोपाशी जरा थांबली, मग म्हणाली, "हा छोटा बाबा." मी खूश होऊन पान उलटलं. पुढच्या फोटोत माझे दीर, गुळगुळीत हनुवटी.

"हा पण बाबा."

अभ्यासू_घुबड

भाऊ-भाऊ सारखे दिसत असतील तर तिला सूट आहे.

निळीशाई

अजिबात दिसत नाहीत!

खुसपट

आता दिरांना दाढी वाढवायला सांगा. लवकर.